मुदतीचा ताप

आमच्या आजीच्या बोलण्यात टायफॉइड हा शब्द नव्हता. ती ‘मुदतीचा ताप’ म्हणायची. हा ताप एकवीस दिवसांची मुदत घेऊन येतो आणि मुदत भरल्याशिवाय उतरत नाही, ही तिची पक्की समजूत. घरात कुणाला असा ताप भरला की ती स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशाने रोज एक रेघ ओढायची. तिचा धाकटा भाऊ एकोणिसाव्या रेघेला गेला होता. त्यामुळे पंधरा रेघा झाल्या की आजी कुणाशी धड बोलत नसे.

१९६२ साली, मी नऊ वर्षांचा असताना, माझ्यासाठी भिंतीवर रेघा सुरू झाल्या. सहाव्या रेघेला डॉक्टर घरी आले आणि क्लोरोमायसेटिनच्या कॅप्सूल लिहून गेले. मला कॅप्सूल गिळता येत नसे. आई ती उघडून मधात कालवून द्यायची. त्या कडू चवीची आठवण झाली की आजही जीभ टाळूला चिकटते. चौथ्या दिवशी ताप उतरला. सगळ्यांना आनंद झाला, पण आजीचा विश्वास बसेना. “दबलाय नुसता, गेला नाही,” म्हणत तिने एकवीस रेघा पुऱ्या केल्या आणि तोवर भाताच्या पेजेवाचून दुसरं काही पोटात जाऊ दिलं नाही. कॅप्सूलही डॉक्टरांनी सांगितल्या तेवढ्या दिवस, एक न चुकवता, तिनेच मोजून घ्यायला लावल्या. तिचं शास्त्र चुकीचं होतं. पण टायफॉइड औषध मध्येच सोडलं तर उलटतो, हे तेव्हाच्या डॉक्टरांनाही मान्य होतं आणि आजही मान्य आहे.

मला वाचवणारं ते औषध, क्लोरॅम्फेनिकॉल, १९४७ साली सापडलं. दक्षिण अमेरिकेतल्या व्हेनेझुएला देशात, कराकस शहराजवळच्या एका शेतातल्या मातीत. त्या मातीतला एक सूक्ष्मजीव ते तयार करत होता. पुढच्याच वर्षी मलायात काही डॉक्टर ते दुसऱ्याच एका तापावर वापरून पाहत होते. त्या रोग्यांत टायफॉइडचे एक-दोन चुकून मिसळले गेले होते, आणि तेही बरे होऊ लागले. अशा चुकीतून आजीच्या भिंतीवरच्या रेघांची संख्या कमी झाली.

१९७६ साली मी शहापुरात औषधांचं दुकान घातलं. आमच्या भागात दुकानाला कुणी दुकान म्हणत नाही, ‘मेडिकल’ म्हणतात. आजूबाजूला मागावर काम करणारी माणसं. कुणी मराठी, कुणी कन्नड, बरेचसे दोन्ही. आठवड्याच्या हिशोबावर जगणारा माणूस दहा दिवसांचं औषध एकदम कसं घेणार? तो म्हणायचा, “मालक, दोन द्या की. उद्या बघू.” कन्नड गिऱ्हाईक म्हणायचं, “एरडु साकु री.” दोन पुरेत. माझ्या गल्ल्याशेजारी दोरीला एक कात्री टांगलेली असायची. त्या कात्रीनं मी गोळ्यांच्या पट्ट्या कापत असे. घसा धरला, दोन. जुलाब झाले, चार सेप्ट्रान. गळू आलं, सहा. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ही औषधं द्यायची नाहीत असा नियम होता, आणि तो मी शिकून, परीक्षा देऊन आलो होतो. पण समोरच्या माणसाकडे औषधाचेच पैसे जेमतेम, त्यात डॉक्टरांची फी कुठून आणायची, असा विचार करून मी कापत राहिलो. त्यात दयाही होती आणि धंदाही होता. किती दया आणि किती धंदा, याचा हिशोब मी तेव्हा मांडला नाही.

१९९० च्या पावसाळ्यातली गोष्ट. दादाचं आणि माझं घर एकाच वाड्यात, पुढच्या बाजूला दुकान. एका संध्याकाळी वहिनी दुकानाच्या मागच्या दारात येऊन म्हणाल्या, “भावजी, पोरीला कालपास्नं ताप हाय. काहीतरी द्या बघू.” माझी पुतणी तेव्हा नऊ वर्षांची. सिप्रोफ्लॉक्सासिन नावाचं औषध नुकतंच बाजारात आलं होतं. कंपनीच्या माणसानं त्याची इतकी तारीफ केली होती की ते म्हणजे रामबाणच असं मला वाटे. महाग होतं, पण घरच्या पोरीसाठी पैशांचा विचार कोण करतो? मी एका पट्टीतून चार गोळ्या कापल्या. सकाळी एक, रात्री एक, असं दोन दिवस दिलं. ताप थोडा उतरला. मग कुठंतरी वाचल्याचं आठवलं, की लहान मुलांच्या सांध्यांच्या कूर्चेला या औषधाने धोका होईल अशी डॉक्टरांना शंका आहे. मी घाबरलो आणि पुढच्या गोळ्या दिल्या नाहीत.

दोन दिवसांनी ताप पुन्हा चढला. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, “आधी काही औषध दिलंय काय?” वहिनी म्हणाल्या, “भावजींनी तापाच्या गोळ्या दिल्या होत्या.” डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चिठ्ठ्या माझ्या दुकानात येत. नऊ वर्षांच्या मुलीला मी न विचारता ते औषध दिलं, हे त्यांच्यासमोर कबूल करायची मला लाज वाटली. मी म्हणालो, “साधी पॅरासिटामॉल.”

पुढं काय झालं ते मला तेव्हा समजलं नव्हतं, नंतर समजलं. रक्त कल्चरला पाठवलं होतं. म्हणजे रक्तातले जंतू प्रयोगशाळेत वाढवायचे, आणि ते कुठल्या औषधाला दबतात ते पाहायचं. पण माझ्या चार गोळ्यांनी रक्तातले जंतू इतके कमी केले होते की बाटलीत काही उगवलंच नाही. ‘वाढ आढळली नाही’ असा कागद आला. विडाल तपासणीवरून टायफॉइड म्हणायचं, तर औषध कुठलं? चाळीस वर्षांच्या अनुभवाचं, क्लोरॅम्फेनिकॉल. मला वाचवणारं तेच. मी ते स्वतःच्या हाताने दुकानातून नेऊन दिलं.

चौथा दिवस गेला, सहावा गेला. ताप हटेना. रक्त दुसऱ्यांदा पाठवलं, या खेपेला जंतू उगवले. पण अहवाल हातात यायच्या आत, तापाच्या सतराव्या दिवशी, पोरीच्या पोटात एकाएकी कळ उठली. पोट लाकडासारखं कडक झालं. टायफॉइडचे जंतू आतड्यात जखमा करतात, आणि तिसऱ्या आठवड्यात त्या जखमेतून आतड्याला भोक पडू शकतं. तसंच झालं होतं. रात्रीच ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी अहवाल आला. क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन, सेप्ट्रान, तिन्हींपुढे ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट, औषधाला दाद न देणारा. सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे ‘एस’. माझ्याच कपाटातलं औषध. त्या चार गोळ्यांबद्दल मी खरं बोललो असतो, तर त्याने ताप उतरला होता एवढी तरी खूण डॉक्टरांना मिळाली असती.

पोर वाचली. नव्या जातीची महागडी इंजेक्शनं कोल्हापूरहून एस.टी.नं मागवली. दीड महिन्यानं ती घरी आली तेव्हा डोक्यावरचे केस गेले होते आणि बेंबीखाली वीतभर व्रण होता.

एक गृहस्थ त्या काळात रोज संध्याकाळी दुकानातल्या स्टुलावर येऊन बसत. कॉलेजात जंतुशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. मी त्यांना म्हणालो, “सर, जंतूंना औषधाची सवय लागली म्हणायची. निपाणीचा तंबाखू खाणाऱ्याला जशी लागते तशी.” ते हसले नाहीत. म्हणाले, “हीच तर चूक आहे. तंबाखूची सवय त्याच माणसाला लागते. इथं ज्याला औषध लागू पडतं तो जंतू मरतो. मेलेल्याला सवय कसली?”

मग त्यांनी मखमलीची गोष्ट सांगितली. शहापुरात कापडाची गोष्ट लवकर पटते, म्हणून असेल. १९५२ साली अमेरिकेत जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या नवरा-बायकोनं एक प्रयोग केला. एका थाळीत जंतूंचे असंख्य ठिपके वाढवले, प्रत्येक ठिपका म्हणजे एकाच जंतूची वंशावळ. त्या थाळीवर मखमलीचा तुकडा अलगद दाबला. मखमलीच्या उभ्या धाग्यांना प्रत्येक ठिपक्यातले थोडे जंतू चिकटले. मग तोच तुकडा, छापा मारावा तसा, स्ट्रेप्टोमायसिन मिसळलेल्या नव्या थाळीवर दाबला. तिथं एखाद-दुसऱ्या जागीच ठिपका उगवला. आता मूळ थाळीत, जिथे औषधाचा थेंबही पडला नव्हता, नेमकी तीच जागा शोधून तिथले जंतू घेतले. तर औषधाला न दबणारे त्या जागी मिळाले. म्हणजे ते औषध येण्याआधीपासूनच तिथं होते. कोट्यवधी जंतू दुप्पट होत असताना नक्कल उतरवण्यात एखादी चूक होते, आणि त्या चुकीचा एखाद्याला अचानक उपयोग होतो. औषधानं तो घडवलेला नसतो. औषध फक्त त्याच्या भोवतीचे सगळे मारून त्याला मोकळं रान करून देतं. (१९५८ चं नोबेल जोशुआंना मिळालं. एस्थरबाईंना नाही. सरांना त्याचा फार राग होता.)

“आता तुमच्या पुतणीचा जंतू,” सर म्हणाले. “त्याला एकदम तीन औषधं चालत नाहीत. तीन चुका एकाच वेळी झाल्या म्हणता?” मग त्यांनी जपानची हकीकत सांगितली. १९५० नंतरच्या दशकात तिथे आमांशाचे असे जंतू सापडू लागले, की ते सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल या चारींना दाद देत नव्हते. रोग्यांच्या आतड्यातले एरवी निरुपद्रवी असणारे जंतूही त्याच चारींना न दबणारे निघाले. १९५९ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिलं, की एक जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूला हा गुण चक्क हातोहात देतो. जंतूच्या मुख्य गुणसूत्राखेरीज त्याच्यात डी.एन.ए.ची छोटी गोल वेटोळी असतात; त्यांना प्लास्मिड म्हणतात. एका वेटोळ्यावर पाच-सहा औषधांवरचे तोडगे असू शकतात. क्लोरॅम्फेनिकॉलवरचा तोडगा म्हणजे त्या औषधाच्या रेणूला एक ठिगळ लावणारं विकर. ठिगळ लागलं की औषध जिथं बसायचं तिथं बसत नाही. दोन जंतू एकमेकांना चिकटतात, वेटोळ्याची नक्कल पलीकडे सरकते. आमच्या देशात टायफॉइडच्या जंतूत हे १९७२ साली कोझिकोडला आढळलं. त्याच वर्षी मेक्सिकोत क्लोरॅम्फेनिकॉलला न जुमानणाऱ्या टायफॉइडची प्रचंड साथ आली. आणि १९९० च्या आसपास असे तिहेरी जंतू भारतभर पसरले.

हे ऐकताना मला माझी कात्री दिसत होती. तिन्ही तोडगे एकाच गाठोड्यात बांधलेले असतील, तर मी जुलाबाला चार सेप्ट्रान कापून देत होतो तेव्हा त्या माणसाच्या आतड्यात क्लोरॅम्फेनिकॉलवरचा तोडगाही जगवत होतो. क्लोरॅम्फेनिकॉलची एकही कॅप्सूल न विकता. औषध आपण घशासाठी घेतो, पण ते पोटातल्या अब्जावधी जंतूंवरून जातं. निवड तिथं होते.

सरांनी एकदा फ्लेमिंगच्या नोबेल व्याख्यानाची प्रत आणून दिली. पेनिसिलिनचा शोध लावणारा तो फ्लेमिंग; व्याख्यान डिसेंबर १९४५ चं. शेवटाकडे तो म्हणतो, की एक दिवस पेनिसिलिन कुणालाही दुकानात विकत मिळेल, आणि तिथंच धोका आहे. मग एका गृहस्थाची कल्पित कथा सांगतो. त्याचा घसा दुखतो, तो आपल्या मनानं थोडंसं पेनिसिलिन घेतो. जंतू मरण्याइतकं नाही, पण प्रतिकार शिकण्याइतकं. तेच जंतू त्याच्या बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन चालत नाही, ती जाते. फ्लेमिंग विचारतो, तिच्या मृत्यूला जबाबदार कोण? उत्तर तो नवऱ्याच्या पदरात घालतो. आता ‘शिकण्याइतकं’ हे मखमलीच्या प्रयोगाआधीचं बोलणं आहे, ते सोडा. पण त्या कथेत दुकानदार नाही. मी ती प्रत दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा मला दुकानदार दिसला.

त्यानंतर मी कात्री काढून टाकली. यात मोठेपणा नाही, कारण गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं आणि तिथल्या कात्रीचं काम वाढलं. बायको म्हणाली, “तुम्ही एकटे देश सुधारणार काय?” तिचं बरोबर होतं. शिवाय मी दुसऱ्या टोकाला गेलो. कुणी चिठ्ठी आणली की सांगायचो, सगळा कोर्स संपवा, बरं वाटलं तरी संपवा. टायफॉइडला, क्षयाला ते खरंच आहे. अर्ध्यावर सोडलं की रोग उलटतो. पण साध्या सर्दी-पडशाला, जिथं विषाणूंचं काम असतं आणि अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नसतो, तिथंही मी पुरा कोर्स पाजत होतो. सात दिवस विनाकारण पोटातली निवड चालू. नव्या संशोधनानुसार पुष्कळ साध्या संसर्गांना पूर्वी सांगत त्याहून कमी दिवसांचं औषध पुरतं. किती दिवस, हे मात्र डॉक्टरांनी सांगायचं. ना दुकानदारानं, ना रोग्यानं.

मार्च २०१४ पासून एच-वन नावाची यादी लागू झाली. तिच्यातल्या औषधांची वेगळी वही ठेवायची. डॉक्टर कोण, रोगी कोण, किती दिलं, सगळं लिहायचं आणि वही तीन वर्षं जपायची. पुतणीला कोल्हापूरहून मागवलेल्या इंजेक्शनांच्या जातीची औषधं त्या यादीत आहेत. मी ती वही व्यवस्थित ठेवली. २०१९ साली दुकान बंद केलं तेव्हा शेवटची वही घरी आणली.

दरम्यान सिप्रोची तीच गत झाली. आमच्यासारख्यांनी ते इतकं विकलं, की औषध ज्या प्रथिनाला जाऊन धरतं त्यातच किंचित बदल झालेले जंतू पुढे आले. आज भारतातल्या बहुतेक टायफॉइडला सिप्रो नीट लागू पडत नाही. २०१६ पासून पाकिस्तानात सिंध प्रांतात असा टायफॉइड पसरला, की त्याला ती महागडी इंजेक्शनंही चालत नाहीत. तोंडाने घ्यायचं एकच औषध, ॲझिथ्रोमायसिन, हाती उरलं. समाधानाची गोष्ट एवढीच, की टायफॉइडची नवी लस आली आहे. नवी मुंबई महापालिकेनं २०१८ साली मुलांना ती टोचण्याची मोहीम काढली, सिंधमध्येही २०१९ साली ती सरकारी कार्यक्रमात घेतली. जो ताप येतच नाही त्याला गोळी लागत नाही. नळाला स्वच्छ पाणी आलं तरी तेच होईल, पण ते बोलायचं तर दुसरा लेख लागेल.

पुतणी आता बडोद्याला असते. चव्वेचाळीस वर्षांची झाली. या पावसाळ्यात तिच्या मुलाला ताप भरला. तिनं दुकानातून काही आणलं नाही, थेट डॉक्टरांकडे नेलं. रक्त औषधाआधी गेलं. चार दिवसांनी तिचा फोन आला.

“काका, टायफॉइडच आहे. रिपोर्ट वाचून दाखवू काय?”

ती एकेक नाव वाचू लागली. सिप्रोपुढे आर. इंजेक्शनापुढे एस, ॲझिथ्रोपुढे एस. मग अँपिसिलिन, एस. सेप्ट्रानमधलं औषध, एस. क्लोरॅम्फेनिकॉल, एस.

मी तिला थांबवून शेवटचं नाव पुन्हा वाचायला सांगितलं. मला ठाऊक होतं की असं होतंय. डॉक्टरांनी टायफॉइडला ती जुनी औषधं देणं सोडल्यावर तिहेरी तोडग्याचे जंतू आपल्या देशात हळूहळू मागे पडले. औषधच नसेल तर वेटोळं म्हणजे नुसतं ओझं, ते वाहणारा जंतू शर्यतीत मागे राहतो. पुन्हा सरसकट क्लोरॅम्फेनिकॉल द्यायला लागलं तर ते परत येतील, शिवाय क्वचित कुणाच्या अस्थिमज्जेला त्या औषधानं इजा होते, म्हणून डॉक्टर त्याच्याकडे वळत नाहीत. हे सगळं वाचून ठाऊक होतं. पण घरच्या पोराच्या कागदावर, तिच्या तोंडून ऐकणं निराळं.

“हे तेच ना काका, मला दिलं होतं ते? मग माझ्या वेळी का नाही लागू पडलं?”

मी तिला जंतूंची हकीकत सांगितली. वेटोळी, गाठोडं, सगळं. ती म्हणाली, “पण कल्चर केलं असेल की तेव्हाही. आई सांगायची, पहिल्या रिपोर्टात काही आलंच नाही म्हणून.”

दादाला हे मी कधी सांगितलं नाही. तो २००८ साली गेला. वहिनी त्यानंतर चार वर्षांनी. मी पुतणीला चार गोळ्यांचं सांगितलं. डॉक्टरांनी काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं तेही सांगितलं.

बराच वेळ फोनवर काही आलं नाही. मागं कुकरची शिट्टी झाली. मग ती म्हणाली, “ऑपरेशननंतर तुम्ही रोज रात्री माझ्या उशाशी बसायचात. आई घरी जा म्हणाली तरी जायचा नाहीत. ते यासाठी होय?”

“हो,” मी म्हणालो.

“पेज टाकलीय त्याच्यासाठी. बघते,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आला. ताप शंभरावर आला होता, आणि औषध किती दिवस चालू ठेवायचं ते डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं. तिनं तो आकडा मला वाचून दाखवला.